चिरुटाची टोपी

कारकुनाच्या हातून देशाचे कल्याण किती होते हे सांगणे कठीण आहे. परंतु त्याच्या हातून कागदांना भोके किती पडतात हे कोणालाही मोजता येईल. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू झालो तेव्हा जी पहिली विद्या आम्हांला शिकविण्यात आली ती टिपणी लिहिण्याची नव्हे. कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात नेमके भोक पाडून त्यातून टॅग ओवण्याची. भोक कडेच्या फार जवळ पडले तर कागद फाटतो, आणि फार आत पडले तर साहेबांच्या शेऱ्यातले एखादे महत्त्वाचे अक्षर नाहीसे होते. कागदांची चळत जाड असली की पंच चालत नाही, दाभण घ्यावा लागतो. पदवीधर मनुष्याने एवढ्यावर समाधान मानावे की नाही हा प्रश्न वेगळा. अलीकडे फायली संगणकाच्या पडद्यावरून हिंडू लागल्या आहेत आणि आमचा पंच व आमचा दाभण हे दोघेही टेबलाच्या खणात निवृत्तीचे जीवन कंठीत आहेत. तथापि शिकलेली विद्या वाया जात नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणतात ते खोटे नव्हे. भोक पाडण्याच्या या विद्येमुळेच परमुलखात एका घराशी आमचा ऋणानुबंध जडला, आणि त्याच विद्येने एके दिवशी आमची एक जुनी लबाडी उघडी पाडली. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमची बदली तिरुचिरापल्लीला झाली तेव्हा त्या गावाविषयी आम्हांला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, ते कावेरीच्या काठी आहे. आणि दुसरी, तेथले चिरूट प्रसिद्ध आहेत. पहिली गोष्ट शाळेच्या भूगोलाने सांगितली होती आणि दुसरी शेरलॉक होम्सने. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो जमिनीवर पडलेली राख गोळा करतो आणि खून करणारा मनुष्य त्रिचनापल्लीचा चिरूट ओढीत होता असे छातीठोकपणे सांगतो. लंडनच्या एका ओसाड घरातील चिमूटभर राखेवरून ज्याची ओळख पटावी, एवढी या गावच्या चिरुटांची कीर्ती त्या काळी होती. आता ती ओसरली आहे. उरैयूर भागात ज्या धंद्याने एके काळी घरे चालत, त्यात आज थोडेच हात उरले आहेत. शब्द मात्र टिकून आहे. तमिळ भाषेत 'सुरुट्टु' म्हणजे वळणे, गुंडाळणे. आणि जी वस्तू वळून तयार होते तिचे नावही तेच. इंग्रजांनी त्याचे 'चेरूट' केले, आणि आपला 'चिरूट' हा त्याच घराण्यातला. म्हणजे या वस्तूला तिच्या धुरावरून नाव मिळालेले नाही, ओढणाऱ्यावरूनही नाही. वळणाऱ्याच्या हातावरून मिळालेले आहे. ही व्युत्पत्ती आम्हांला आमच्या अधीक्षकांनी सांगितली. ती ऐकून आम्ही मान डोलावली आणि गप्प बसलो. का गप्प बसलो, ते पुढे येईलच.

अधीक्षक हे जुन्या वळणाचे गृहस्थ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि बेरजेत एका पैशाची चूक सापडली तरी संध्याकाळची बस चुकवून बसणारे. त्यांना व्यसन म्हणावे असे एकच होते: दिवसाकाठी एक चिरूट. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्याची देशभर बंदी झाली आणि कचेरीच्या व्हरांड्यातली त्यांची जागा गेली; तेव्हापासून ते कचेरी सुटल्यावर पायी घरी जाऊन, अंगणातल्या चिंचेखाली खुर्ची टाकून आपला नेम पाळीत. कायद्याविरुद्ध त्यांनी चकार शब्द काढला नाही. "नियम झाला म्हणजे झाला," एवढेच म्हणत. त्यांचा चिरूट गावठी, दोन्ही बाजूंनी सरळ कापलेला. एका टोकाला काडी लावावी, दुसरे तोंडात धरावे. मध्ये कोणत्याही हत्याराची गरज नाही. गरिबाच्या घराला जसे पुढचे दार आणि मागचे दार असते आणि वारा आरपार वाहतो, तसा तो चिरूट.

ते निवृत्त झाले त्या दिवशी दुबईला असलेल्या त्यांच्या मुलाकडून एक पेटी आली. देवदाराच्या पातळ फळ्यांची, आत क्यूबाचे पंचवीस चिरूट ओळीने निजलेले, आणि सोबत बंदुकीच्या गोळीएवढे एक चकचकीत पितळी यंत्र. निरोपसमारंभाचे हार उतरल्यावर ती पेटी त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली व म्हणाले, "तंबी, तू पदवीधर आहेस. हे काय प्रकरण आहे ते जरा पाहा."

प्रकरण असे होते की या परदेशी चिरुटाला एकच दार होते. त्याचे शेपूट उघडे, पण डोके बंद. त्या डोक्यावर पानाचीच एक गोल टोपी चिकटविलेली होती. पितळी यंत्राचा उपयोग आम्हां कोणाच्याच ध्यानात आला नाही. शिपायाने कागदाचा पंच आणून पाहिला. त्याच्या जबड्यात चिरुटाचे डोके शिरेना. मग आम्ही आमची विद्वत्ता पुढे केली आणि दाभण घेतला. दाभणाने भोक पडले खरे, पण आतली पाने बाजूला सरकून एकमेकांवर दाबली गेली, वरचे नाजूक पान उभे चिरले, आणि पंचविसातला पहिला चिरूट फुटलेल्या शेंगेसारखा दिसू लागला. अधीक्षकांनी तो तसाच खिशात ठेवला. "पहिला मसुदा नेहमी फाडावाच लागतो," ते म्हणाले.

रात्री घरी जाऊन आम्ही त्या विषयाचा अभ्यास केला. सरकारी नोकराला कोणताही विषय मुदतीत समजून घेण्याची सवय असतेच. हाताने वळलेल्या चिरुटाचे तीन थर असतात: आत भरणाची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांवर तेलकट, गुळगुळीत असे वेष्टनाचे पान. हे वेष्टन खालून तिरके गुंडाळीत वर आणतात आणि शेवटी ते सुटू नये म्हणून डोक्यावर वनस्पतीच्या डिंकाने टोपी बसवितात. टोपी म्हणजे शोभा नव्हे; साऱ्या चिरुटाची गाठ तेथे आहे. म्हणून कापणाराने टोपीची कड जेथे संपते त्या रेषेच्या खाली कधी जाऊ नये. गेला, की वेष्टन सुटू लागते आणि ओढणाऱ्याच्या ओठाशी पानांचा पाचोळा होतो. पात्याने डोके उडविण्याची रीत सर्वांत जुनी आणि सर्वांत सरसकट. त्यात दार मोठे उघडते, पण हात जरा खाली घसरला की नाश. काहीजण पाचरीसारखी खाच पाडतात. ते पितळी यंत्र म्हणजे तिसरी रीत, पंचाची. त्या गोळीचे झाकण काढले की आत सुमारे आठ मिलिमीटर रुंदीची, कडेला धार असलेली गोल नळी असते. ती टोपीच्या अगदी मध्यावर टेकवावयाची, हलके दाबावयाचे, आणि दाबता दाबता फिरवावयाचे. जोर करावयाचा नाही. धार आपले काम आपण करते. नळी बाहेर काढली की तिच्यात पानाची एक लहानशी चकती अडकून येते आणि टोपीच्या मधोमध स्वच्छ गोल खिडकी राहते. कड शाबूत, गाठ शाबूत.

या रीतीला मर्यादाही आहेत. ज्या चिरुटाचे डोके निमुळते असते त्याला पंच चालत नाही, कारण नळी टेकवावयाला जागाच नसते. बारीक चिरुटाचे तेच. भोक टोपीएवढे झाले तर मग टोपी राहिली कोठे? खिडकी लहान असल्यामुळे धूर एकवटून येतो, तो अधिक उष्ण लागतो, आणि हळूहळू तोंडाशी काळा चिकटा साचतो. चिरूट कोरडा पडला असेल तर पंचाच्या दाबाने तडकतो. म्हणून पेटीतली हवा जरा दमट राखावी लागते. जाडी मोजण्याचेही शास्त्र आहे. तिचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात. पन्नास मापाचा चिरूट म्हणजे इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यांतले पन्नास. हे आम्ही दुसऱ्या दिवशी अधीक्षकांना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. १९५७ सालापूर्वी रुपयाचे चौसष्ट पैसे असत, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना तोच हिशेब लहानपणी पाठ करविला होता. "म्हणजे हा चिरूट साडेबारा आणे जाड!" ते म्हणाले, आणि त्या परदेशी वस्तूविषयीचा त्यांचा परकेपणा त्या क्षणी गेला.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या अंगणात चिंचेखाली दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. त्यांच्या हाताला कंप होता, त्यामुळे टोपी उघडण्याचे काम आमच्याकडे आले. परदेशी चिरूट आठवड्यातून एकच, बाकीचे दिवस गावठी, असा त्यांनी नियम केला. आम्ही पेटीतून एक काढावा, बोटांत फिरवून पाहावा, पंच टेकवावा, फिरवावा, चकती झटकावी आणि तो त्यांच्या हाती द्यावा. ते चिरूट ओढीत, आम्ही फिल्टर कॉफी पीत असू. परमुलखात बदलीवर आलेल्या माणसाला स्वतःचे असे एक अंगण लागते. बँकेत खाते उघडता येते, गॅसची जोडणी मिळते, पण संध्याकाळी न बोलता बसता येईल असे अंगण कोणत्याही नमुन्यात अर्ज करून मिळत नाही. ते आम्हांला मिळाले होते.

आणि त्या अंगणात बसून आम्ही खोटे बोललो होतो.

पहिल्याच शनिवारी अधीक्षकांनी सहज विचारले होते, "तू का ओढीत नाहीस, तंबी?" आम्ही म्हणालो, प्रकृतीला मानवत नाही. "घरी काय आहे?" आम्ही म्हणालो, शेती आहे. शेती होती, हे खरे. पण ती दुसऱ्याची, आणि तिच्यात आमचे वडील रोजाने जात. "आई?" आम्ही म्हणालो, घरीच असते. हेही शब्दशः खोटे नव्हते. आई घरीच असे. घरी बसून ती सव्वीस वर्षे विड्या वळीत होती.

नाशिक जिल्ह्यातले सिन्नर हे विड्यांचे गाव. आमच्या लहानपणी आमच्या आळीत असे घर क्वचितच होते, की ज्याच्या दाराशी मांडीवर सूप घेतलेली बाई दिसत नसे. सुपात एका बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा चुरा. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचे पान कापावयाचे, चिमूट पसरावयाची, वळावयाचे, दोरा गुंडाळावयाचा आणि शेवटी विडीचे तोंड बोटाने आत मुडपावयाचे. मजुरी हजारावर. पसंत न पडलेल्या विड्या मोजून घेणारा माणूस बाजूला फेकीत असे आणि त्यांचे पैसे कापले जात. पण त्या विड्या मात्र परत मिळत नसत. संध्याकाळी आई परत आली की तिच्या चेहऱ्यावरून आम्हांला कळे की आज किती कापले.

आम्ही तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचीत असू. ही तिचीच अट होती. "माझं हात गुतलेलं, कान मोकळंच हायेत," ती म्हणे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, पुढे पुढे स्पर्धापरीक्षेची मार्गदर्शके, सारे तिने ऐकले. क्यूबात हवाना शहरातील चिरुटांच्या कारखान्यात १८६५ सालापासून कामगारांना वाचून दाखविण्यासाठी वाचक बसू लागला आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांतही एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि इतरांनी त्याच्या वाटच्या विड्या वळून द्याव्यात, अशी रीत होती. म्हणजे आम्ही समजत होतो तेवढे आम्ही एकटे नव्हतो. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी म्हणून एकच कायदा केला. एका कायद्याच्या नावात सिन्नरची विडी आणि तिरुच्चीचा चिरूट शेजारी शेजारी बसले. १९७६ च्या कायद्याने उभारलेल्या विडी कामगार कल्याण निधीची शिष्यवृत्ती आम्ही घेतली, तिच्या जोरावर पदवी घेतली, आणि पदवीच्या जोरावर ही नोकरी. आमच्या शिक्षणाची फाईल उघडली तर तिच्या पानापानाला तंबाखूचा वास येईल. म्हणूनच तो आम्हांला सोसत नाही. रात्री आईच्या अंथरुणाकडून येणारा खोकला आणि तो वास या दोन गोष्टी आमच्या मनात वेगळ्या होत नाहीत.

असे असता खोटे का बोललो? वाचकांपैकी जे आमच्यासारखे परगावी नोकरीत आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नव्या गावात मनुष्य आपल्याविषयी जे सांगेल तेच खरे धरले जाते. तेथे कोणी त्याच्या आळीतले नसते. ही मोठी मोकळीक आहे, आणि ती एकदा घेतली की परत करता येत नाही. आम्ही आमच्या घराला पात्याने उडविले होते, टोपीच्या रेषेच्या पुष्कळ खाली.

गेल्या हिवाळ्यात आई प्रथमच तिरुच्चीला आली. आमच्या सौभाग्यवतीने तिला श्रीरंगमला नेण्याचे ठरविले. पुलावर रिक्षा थांबवून आम्ही तिला नदी दाखविली. ती बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हीच का रं ती? ब्रह्मगिरीवर उगम पावून बंगालच्या उपसागरास मिळते, ती?" वीस वर्षांपूर्वी आम्ही घोकलेले वाक्य, शब्दाला शब्द. आमच्या तोंडून उत्तर निघेना. नाव तिने घेतले नाही. तिला नदीचे वाक्य आठवत होते.

आई आल्याचे कळताच अधीक्षक त्या शनिवारी स्वतःच आमच्या घरी आले. वडीलधाऱ्या बाईला भेटावयास जाताना त्यांनी फळे आणली, मल्लिगेची वेणी आणली, आणि शनिवार असल्यामुळे खिशात चिरूट व पंचही आणला. आमच्या गॅलरीत खुर्च्या मांडल्या. आईला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आम्ही मध्ये दुभाषी. प्रवास कसा झाला, देवदर्शन झाले का, असे बोलणे झाले. मग त्यांनी सवयीने चिरूट आमच्या हाती दिला आणि आम्ही पंच काढला.

"थांब जरा," आई म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

आम्ही चिरूट तिच्या हाती दिला. तिने तो अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये धरला, आणि डोक्यापासून शेपटापर्यंत हळूहळू फिरवीत नेला. डोळे मिटलेले होते. आम्ही गेली तीन वर्षे दर शनिवारी चिरूट बोटांत फिरवीत होतो ते का, हे आम्हांला त्या क्षणी समजले. आम्ही तिचीच नक्कल करीत होतो. पण आमच्या बोटांना काही कळत नव्हते.

"हात बसलेला हाये," ती म्हणाली. "लई वर्सं केलंय काम. पर हितं," आणि तिने मध्याच्या जरा वर नख टेकविले, "हितं भरण कमी पडलंय. घाई झाली आसंल, न्हाईतर कुणीतरी हाक मारली आसंल." मग तिने टोपीवरून बोट फिरविले. "आन् तोंड कसं बंद केलंय बघ. शिवण लागत न्हाई हाताला. याला भोक कशाला पाडतोस?"

आम्ही अधीक्षकांना इंग्रजीत सांगितले: त्या म्हणतात, या ठिकाणी भरण कमी आहे. अधीक्षकांनी चिरूट घेतला, त्या जागी दाबून पाहिला, आणि आश्चर्याने विचारले, "अम्मांना हे कसे कळते?"

उत्तर आमच्या जिभेवर तयार होते. खेड्यातल्या बायकांना असते समज, असे काहीतरी म्हणून विषय मिटविता आला असता. तीन वर्षे मिटविलाच होता. आमच्या हातात तो पंच होता, नळी उघडी. समोर आईचे हात मांडीवर होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे टोक, जेथे ती विडीचे तोंड मुडपी, ते चपटे झालेले आहे व तेथली कातडी कायमची पिवळी आहे. आम्ही म्हणालो, "सर, माझ्या आईने सव्वीस वर्षे विड्या वळल्या आहेत. तुम्हांला मी खोटे सांगितले होते."

अधीक्षक काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "दिवसाला किती?" आम्ही आईला विचारले. "कधी आठशे, कधी हजार," ती म्हणाली. त्यांची बोटे गुडघ्यावर हलू लागली; हिशेबाच्या माणसाला ते आवरत नाही. मग ती मध्येच थांबली. तो हिशेब पुढे आम्ही एकट्याने पुरा केला. वर्षाचे ३०० दिवस आणि दिवसाला कमीत कमी ८०० धरले तर सव्वीस वर्षांच्या ६२,४०,००० विड्या होतात. तितकी तोंडे त्या एका बोटाने मुडपलेली.

अधीक्षक उठले, आईसमोर वाकून त्यांनी हात जोडले, आणि चिरूट पेटविल्यावाचून खिशात ठेवून ते घरी गेले. पंच आमच्याच हाती राहिला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "तू सायबाला सांगितलं नव्हतंस व्हय?" तिला इंग्रजी येत नाही, पण माणसाचा चेहरा वाचता येतो. आम्ही मान खाली घातली. ती उठून आत गेली. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून तिचा आवाज आला, "त्यात लाजायचं काय न्हाई. पर सांगत फिरायचं तरी काय काम हाये? तू काय वाईट केलं न्हाईस. झोप." तिने रागावली असती तर आम्हांला झोप लागली असती.

पुढच्या शनिवारी आई गावी परतली होती. आम्ही अंगणात गेलो तेव्हा दोन खुर्च्या नेहमीप्रमाणे मांडलेल्या होत्या. अधीक्षकांनी तोच चिरूट काढला. आम्ही पंच टेकविला. हलके दाबले, फिरविले. ते ओढू लागले. अर्ध्या तासाने त्यांनी चिरूट आमच्यापुढे धरला. आईने नख टेकविले होते नेमके त्या जागी जळण्याची कड वाकडी झाली होती, आणि एका बाजूचे पान भराभर जळत गेले होते. "अम्मांना कळव," ते म्हणाले. "माझ्यातर्फे कळव."

आम्ही तेथूनच फोन लावला. आईला फार आनंद झाला. ती हसली, मग हसता हसता खोकू लागली, आणि खोकला थांबण्याची आम्ही वाट पाहिली. मग तिने काळजीने विचारले, "मंग त्या वळणाऱ्याचे पैसं तर न्हाई ना रं कापले?"

"नाही कापले," आम्ही म्हणालो.

हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या लबाड्यांपैकी तेवढी एक आम्ही अजून उघडी पाडलेली नाही.